आगीच्या पाठाच्या रविवारी मी कुठे असते

आगीच्या पाठाच्या रविवारी मी वर्ग का टाळते, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तसे विचारणारे तुम्ही पहिले नाही. रविवारच्या बायबल वर्गात याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय, म्हणजे जीभ ही आग आहे असं सांगणारा, जवळ आला की मला सर्दी होते, पाहुणे येतात, नाहीतर नात्यातलं एखादं लग्न निघतं, हे आता मंडळीत सगळ्यांना पाठ झालंय. कुणी हसून विचारतं, कुणी काळजीने. वर्गातल्या एका मुलाने तर तोंडावर विचारलं, "ताई, तुम्हाला नरकाची भीती वाटते का?" आणि त्याच दमात, "शास्त्रातली आग देवाची की दुष्टाची, ते एकदाचं ठरवून सांगा ना."

त्याच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एके काळी माझ्या वहीत तयार होतं. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे देवाची आग: मोशेसमोरचं जळतं झुडूप, यशया संदेष्ट्याच्या ओठांना लावलेला निखारा, पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी शिष्यांवर उतरलेल्या अग्नीच्या जिभा. उजवीकडे दुष्टतेची: यशया ९:१८, जिथे दुष्टता वणव्यासारखी पेटून काटेकुटे खाते, नीतिसूत्रांतला तो अधम, ज्याच्या ओठांवर विस्तव आहे, इफिसकरांच्या पत्रातले दुष्टाचे जळते बाण, आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, याकोब ३:६, जीभ ही आग आहे. नऊ वर्षं मी हे पान फळ्यावर उतरवलं. दोन रकाने असले की शिकवणाऱ्याला फार सुख असतं. उजवा रकाना कुणाचा, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आता ती गोष्ट. तुमच्यातल्या काहींना ती माहीत आहे, पण माझ्याकडून नाही.

आमचे मंडळीचे खजिनदार, दादा, एका रविवारी थकलेले दिसत होते, म्हणून दानाची पाकिटं मोजायला मी बसले. वहीतल्या आकड्याशी रक्कम जुळेना. पुन्हा मोजली, तरी नाही. ते पलीकडच्या खोलीत खुर्च्या लावत होते. मी त्यांना हाक मारली नाही. का नाही मारली, याची मी आजवर किमान पाच कारणं दिली आहेत. त्यातलं एकही आता इथे देत नाही.

बुधवारी प्रार्थनासभेत आम्ही चौघी होतो. 'प्रार्थनेचे विषय' सांगायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "दादांसाठी प्रार्थना करा. त्यांना हिशेबाचा ताण येतोय असं वाटतं." बस, एवढंच. यातला शब्दही खोटा नव्हता. हे मी इतक्यांदा आणि इतक्या जोरात सांगितलंय की ते खरं असूनही आता मलाच कसंतरी वाटतं. कारण त्या दोन वाक्यांत 'हिशेब' हा शब्द मी निवडून घातला होता. 'ताण' म्हणून थांबता आलं असतं.

पुढच्या रविवारी पाळकांना कुणीतरी, अर्थात प्रेमाने, सुचवलं की वह्या एकदा तपासून घ्याव्यात. त्यानंतरच्या आठवड्यात दादांच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च कुठून होतो, याची चर्चा जिन्यात ऐकू आली. आणि त्याच रविवारी माझा पाठ होता याकोब ३. मी तो शिकवला. लहानशी ठिणगी केवढं रान पेटवते, हे सांगताना माझा आवाज असा काही लागला की एक बाई नंतर म्हणाल्या, अंगावर काटा आला. मला बरं वाटलं. घरी जाताना मी खूश होते. हे लिहिताना हात आखडतोय, पण खूश होते हे खरं आहे.

चौथ्या आठवड्यात दादांनी वह्या, कपाटाची किल्ली आणि अगदी ती बुटकी पेन्सिलसुद्धा आणून टेबलावर ठेवली. समितीने हिशेब तपासला. दोन पाकिटं उशिरा आली होती, ती आधीच्या पानावर नोंदली होती. सगळं जुळलं. तपासणी संपेपर्यंत दादा उभेच होते; कुणी त्यांना बसा म्हटलं नाही, मीही नाही. निघताना ते माझ्यापाशी थांबले. "मोजणीच्या दिवशी मी पलीकडच्याच खोलीत होतो, ताई. एक हाक मारायची होती." आवाजही चढवला नाही त्यांनी.

नंतर कितीतरी दिवस मी बचावाची वचनं शोधत होते. खोट्या जिभेविरुद्ध शास्त्रात ढीगभर आहे. मी खोटं बोलले नव्हते. पण याकोब 'खोटी जीभ' म्हणतच नाही. तो नुसती 'जीभ' म्हणतो. नीतिसूत्रे २६:२० मध्येही, सरपण नसलं की आग विझते तसं चहाडखोर नसला की भांडण मिटतं, एवढंच आहे. चहाडी खरी की खोटी, याची तिथे कुणी चौकशी केलेली नाही.

मग सापडला होशेय संदेष्टा. सातव्या अध्यायात तो म्हणतो, यांची मनं भट्टीसारखी आहेत. मूळ शब्द तन्नूर, म्हणजे मातीची गोल उभी भट्टी. आपला तंदूर त्याच कुळातला. भटारी पीठ मळतो, ते फुगेपर्यंत विस्तव ढवळायचं थांबतो, रात्रभर झोपतो, आणि पहाटे भट्टी धडधडून पेटलेली असते. मला ही ओळ यशयाच्या वणव्याहून भयंकर वाटते. वणव्यात निदान धूर दिसतो. बुधवारनंतर मी काहीच केलं नव्हतं. अगदी काही नाही. नुसती झोपले होते.

माझी जुनी मी इथे मध्ये पडते. ती म्हणते, म्हणजे उजवा रकाना बरोबरच होता, फक्त तुझं नाव त्यात घालायचं राहिलं. तेवढ्यावर भागलं असतं तर मी पाठ शिकवलाही असता. पण रेघच टिकत नाही. पेन्टेकॉस्टच्या अग्नीच्या जिभा आणि याकोबाची आगीची जीभ, दोन्हीकडे ग्रीक शब्द तेच: ग्लोसा आणि प्यूर. शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही तेव्हा याकोब आणि योहान (हा याकोब वेगळा, जब्दीचा मुलगा) म्हणाले, आकाशातून अग्नी मागवू का? जुन्या करारातल्या एलीया संदेष्ट्यासाठी तसा अग्नी खरंच उतरला होता. डाव्या रकान्यातलीच आग मागत होते ते. लूक लिहितो, येशूने वळून त्यांनाच धमकावलं.

आणि नरक. याकोब म्हणतो ही जीभ नरकाने पेटलेली आहे. त्याचा शब्द गेहेन्ना, जो नव्या करारात शुभवर्तमानांबाहेर फक्त इथेच येतो. गेहेन्ना म्हणजे यरुशलेमेच्या दक्षिणेचं हिन्नोमाचं खोरं. तिथे शहराचा कचरा जळत असे, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते शास्त्रात कुठेच नाही. शास्त्रात जे आहे ते असं, की त्या खोऱ्यात लोकांनी स्वतःची मुलं जाळली, आणि यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, हे मी सांगितलं नव्हतं, माझ्या मनातही आलं नव्हतं. ती पहिली आग माणसांनी लावली होती. तर मग मुला, तू विचारलेली भीती मला वाटते, पण ती पुढे कधीतरी जाण्याच्या जागेची नाही.

दादांची माफी मी मागितली. ते "बरं" म्हणाले. आता ते दुसऱ्या मंडळीत जातात.

पुढच्या महिन्यात पुन्हा याकोब ३ आहे. वर्ग घेईन की नाही, माहीत नाही. कारण अजूनही कधीकधी मी मनातल्या मनात बोटांवर मोजते: त्या दिवशी आम्ही चौघी होतो, मग बाहेर नेमकं कुणी सांगितलं?