तुरीसारखाच उधळला होता

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतकडे गेली त्याला दोनच दिवस झाले होते. उरुळी कांचनचा रस्ता नुकता मोकळा झाला होता, पाऊस मात्र उघडीप द्यायला तयार नव्हता. मी इथल्या एका रोपवाटिकेत अकरा वर्षं कॅक्टसचा विभाग सांभाळते. पावसाळ्यात गिऱ्हाईक येतं ते मोगरा, जास्वंद आणि आंब्याच्या कलमांसाठी. माझ्या शेडकडे कुणी फिरकत नाही, म्हणून त्या दिवशी मी बियाण्याचे ट्रे निवडत बसले होते.

अकराच्या सुमारास एक छोटा हत्ती टेम्पो फाटकातून आत आला. मागच्या हौद्यात गोणपाटावर एक मोठी पांढरी कुंडी, आणि तिला दोन्ही हातांनी धरून बसलेल्या पन्नाशीच्या एक मावशी. त्या नखशिखांत भिजल्या होत्या. जवळचं प्लास्टिक त्यांनी झाडावर धरलं होतं.

कुंडीत गोल्डन बॅरल होता, पिंपासारखा गोल वाढणारा कॅक्टस. एक फुटाहून थोडा जास्तच रुंद, सोनेरी काट्यांचा. बॅरलला एवढा घेर यायला दहा-बारा वर्षं तरी जातात. पण हा एका अंगाला कलला होता आणि मातीलगतचा भाग पिवळट-तपकिरी पडला होता. मी काट्यांच्या मधून बोटानं दाबून पाहिलं, तर पिकलेल्या पपईसारखं बोट आत गेलं.

"ताई, असाच दुसरा आहे का तुमच्याकडे?" मावशींनी हलक्या आवाजात विचारलं. "गुपचूप जाग्यावर ठेवून देते. मॅडमला कळायचं नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचे यजमान हडपसरच्या बाजूला एका बंगल्यावर वॉचमन आहेत. मालकीणबाई मे महिन्यात मुलाकडे अमेरिकेला गेल्या, जाताना सांगून गेल्या, "झाडांना रोज पाणी घाला." मावशी रोज घालत होत्या. तुळशीला तांब्याभर, मोगऱ्याला तांब्याभर, ह्यालाही तांब्याभर. जूनच्या मध्यावर हा सुकल्यासारखा, सुरकुतल्यासारखा दिसायला लागला. त्यांना वाटलं, पाणी कमी पडतंय. मग दोन तांबे.

"सुकत होता म्हणून तर जास्त घातलं, ताई."

हे वाक्य मी ह्या कामात शेकडो वेळा ऐकलंय, आणि ते बोलणाऱ्यावर मला कधीच राग येत नाही. बाकीची झाडं माणसाला हेच शिकवतात. मोगऱ्यानं मान टाकली, पाणी घाला, तासाभरात तो उभा राहतो. कॅक्टसही सुकल्यासारखाच दिसतो, कारण मात्र नेमकं उलटं असतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की तंतुमुळं गुदमरून मरतात, मेलेल्या मुळांवर बुरशी येते आणि ती बुडातून वर चढते. मुळंच नसतील तर पाणी ओढणार कोण? झाड पाण्यात उभं राहून सुरकुततं.

हे मी मावशींना माझ्या नेहमीच्या भाषेत सांगायला लागले आणि मध्येच थांबले. त्यांना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"बीडकडच्या. शेती होती आमची. कोरडवाहूच."

"तूर लावायचात?"

"लावायचो की."

"तुरीत पाणी तुंबलं की काय होतं?"

त्यांनी कुंडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तूर उधळते," त्या म्हणाल्या. "बुडाशी पाणी असतंय, अन् वरून उन्हात वाळल्यावानी होती." आणि मग डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "मला हे ठाऊक होतं की ओ ताई. रानात ठाऊक होतं."

खरंच ठाऊक होतं. वाफसा म्हणजे काय, मातीत ओल आणि हवा दोन्ही कधी असतात, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. फक्त काटेरी, परक्या दिसणाऱ्या त्या झाडाला तोच नियम लागतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा बॅरल विकत देणं माझ्यासाठी सोपं होतं. शेडमध्ये त्या मापाचे चार होते. पण एकाची किंमत त्यांच्या घरातल्या महिन्याच्या पगाराच्या आसपास जात होती. त्यात मी वरचा शेंडा पाहिला होता. मधली पिवळी लव ताजी होती, नवे काटे चमकत होते, वरचा भाग दगडासारखा घट्ट होता. कूज अजून वर पोचली नसावी. मी म्हटलं, "आधी हाच बघू."

टेम्पोवाल्याला हाताशी घेऊन आम्ही तिघांनी गोणपाटात गुंडाळून तो आडवा केला. कुंडीतून निघताना चिखलाचा आवाज आला आणि आंबूस वास सुटला. मुळांच्या मध्यभागी कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, एक जुना गोळा तसाच होता, पिळला तर पाणी गळत होतं. आम्ही नर्सरीवाले कोकोपीट वापरतो कारण ते हलकं असतं, वाहतुकीला बरं पडतं. पण घरी नेल्यावर ते काढायचं असतं, हे सांगायला आम्ही बरेचदा विसरतो.

मग मी कुंडी उलटी केली आणि तिच्या बुडाला भोकच नव्हतं. शोभेची, चकचकीत चिनी मातीची कुंडी. दोन महिने घातलेल्या प्रत्येक तांब्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. वर कॅक्टसची पानं नसतात, त्याच्या सालीवरची बारीक छिद्रं रात्री उघडतात, त्यामुळे तो पाणी उडवतोही फार थोडं. त्यात पावसाळी दमट हवा. आठवड्यातून एकदा पाणी घातलं असतं तरी ह्या कुंडीत तो कुजलाच असता, फक्त थोडा उशिरा.

"ही कुंडी पहिल्यापासून आहे?"

"नाही. मॅडमनी जायच्या आधी बदलली. जुनी मातीची फुटली होती."

चाकू स्पिरिटनं पुसून मी बुडाचा पहिला काप घेतला. तपकिरी लगदा. चाकू पुसला, दुसरा काप. तोही तपकिरी, कडेला थोडा फिकट. प्रत्येक कापानंतर पातं पुसावंच लागतं, नाहीतर कूज आपणच वर नेतो. तिसऱ्या कापाला पांढरा-हिरवा गर दिसायला लागला आणि काकडीसारखा वास आला. मावशींना हायसं वाटलं. मला वाटलं नाही. गराच्या मध्ये एक कडं असतं, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचं, आणि त्या कड्यात दोन ठिकाणी नारिंगी ठिपके होते. बाकी सगळं स्वच्छ असलं तरी असा एक ठिपका आत राहिला तर पंधरा दिवसांत झाड आतून पोकळ होतं.

चौथ्या कापाला एक ठिपका उरला, मोहरीएवढा. एव्हाना निम्मं झाड माझ्या पायाशी पडलं होतं. आणखी किती कापायचं? जेवढं कापू तेवढं मुळं धरायला बळ कमी. पाचवा काप घेताना माझा हात हलका नव्हता. पण कडं स्वच्छ निघालं. मी बॅटरी लावून दोनदा पाहिलं.

मग कडेच्या धारा तिरक्या छाटल्या, कारण वाळताना मधला गर आत ओढला जातो आणि कडा उंच राहिल्या तर मुळांना माती लागत नाही. गंधकाची भुकटी लावली. रिकाम्या कुंडीच्या तोंडावर, कापलेली बाजू हवेत राहील असा तो ठेवला, आणि ती कुंडी ऑफिसातल्या टेबलफॅनसमोर. जखम सुकवायला आषाढासारखा वाईट महिना नाही.

काम चाललं असताना मावशींनी विचारलं होतं, "हा कुठला निवडुंग?" मी सांगितलं, मेक्सिकोतला. तिथे डोंगराच्या उतारांवर, खडकांच्या फटींत वाढतो, पाणी पडलं की वाहून जातं अशा जागी. आज जगभरच्या बागांत तो ढिगानं दिसतो, पण रानात दुर्मीळ झालाय. १९९० च्या दशकात सिमापान धरण झालं, त्याच्या पाण्याखाली त्याच्या मोठ्या वस्त्या गेल्या. मावशी म्हणाल्या, "म्हणजे ह्याचंही गाव धरणात गेलं." मग म्हणाल्या, पुण्यात पालखी निवडुंग्या विठोबाला थांबते, तिथला देव निवडुंगाच्या जाळीत सापडला म्हणतात, तो निवडुंग हाच का? मी म्हटलं, नाही, पण आपल्याकडे माळावर दिसणारा फड्या निवडुंगही मूळचा अमेरिकेकडचाच. कापल्यावर पांढरा चीक निघतो तो तीनधारी निवडुंग मात्र कॅक्टसच नव्हे, ते कूळच निराळं.

निघताना त्या पुन्हा घाबरल्या. मॅडमला काय सांगू? मी म्हटलं, खरं ते सांगू, आणि मी सांगते. संध्याकाळी त्यांनीच व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्याकडे दिला. मी बाईंना कापलेलं झाड दाखवलं, मग कुंडीचं बूड दाखवलं. पाणी जास्त झालं हे खरं, पण ते बाहेर जायला वाटच नव्हती, हे स्पष्ट शब्दांत सांगितलं. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"ती कुंडी मीच आणली होती," बाई म्हणाल्या. "लिंबाएवढा होता तेव्हापासून आहे हो तो माझ्याकडे. अठरा वर्षं." आणि मग, "मावशींना फोन द्या." काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, मी बाहेर गेले. परत आले तेव्हा मावशी खुर्चीवर बसल्या होत्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसल्या होत्या.

जखम वाळून चामड्यासारखी कडक व्हायला चोवीस दिवस लागले. मग जाड वाळू, विटांचा चुरा, पर्लाइटचे हलके पांढरे खडे आणि मूठभर गांडूळखत अशा कोरड्या मिश्रणावर, मातीच्या कुंडीत, तो नुसता टेकवला. पाणी नाही. त्या पावसाळ्यात माझ्याकडे आणखी दोन बॅरल आले, दोन्हींची कूज शेंड्यापर्यंत गेली होती, मला काहीच करता आलं नाही. त्यामुळे ह्याला रोज सकाळी दाबून पाहायची मला सवयच लागली. सप्टेंबरच्या शेवटी त्याला हलकेच हलवलं तर तो हलला नाही. खालून मुळांनी धरलं होतं.

मावशी दर पंधरा दिवसांनी बसनं यायच्या, स्वतःहून. ऑक्टोबरमध्ये न्यायला आल्या तेव्हा बाईही सोबत होत्या. मी पाण्याचं सांगायला तोंड उघडणार, तोवर मावशींनी खराट्याची एक काडी मोडून कुंडीत खोलवर खुपसली होती. थोडा वेळ तशीच ठेवली, मग बाहेर काढून बोटांत फिरवली, गालाला लावून पाहिली.

"आत गार लागतंय अजून," त्या बाईंना म्हणाल्या. "आठ दिवस काही घालायचं नाही."

बाई "बरं" म्हणाल्या आणि दोघींनी मिळून कुंडी उचलली.