तुम्ही विचारलंत म्हणून: नुसतं बोलायचा पगार?

वडूजला एका लग्नात, ऐन पंगतीत, आमच्या एका पाहुण्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही डॉक्टर नाही, नर्स नाही. सुई टोचत नाही की गोळी देत नाही. मग पगार कशाचा? नुसतं बोलायचा?" पंगत हसली, मीही हसले. प्रश्न नवा नाही. सरपंच विचारतात, शाळेतले गुरुजी विचारतात, घरच्यांचंही विचारून झालंय. जिलेबी पानात असताना उत्तर काही जमलं नाही, ते इथं देते.

होय, बोलायचाच. खटाव-माणच्या गावांतून आशाताई, अंगणवाडीच्या बाई, उपकेंद्राच्या सिस्टर यांच्याबरोबर फिरायचं, बायांच्या बैठका घ्यायच्या, घरी जाऊन बसायचं. कागदावर याला आरोग्य शिक्षण म्हणतात. पहिली चार-पाच वर्षं मी हे काम फार वाईट केलं. मला वाटायचं, लोकांना माहीत नाही म्हणून ते चुकतात. आपण सांगितलं की झालं.

लोहाच्या गोळ्यांचंच घ्या. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि आमच्याकडे तसं निघणं ही रोजची गोष्ट. चौथा महिना लागला की रोज एक लाल गोळी, किमान १८० दिवस. गोळ्या फुकट मिळतात, घरपोच मिळतात, आणि तरी फडताळात पडून राहतात. मी बैठकीत फळ्यावर चित्र काढून सांगितलं, चहाबरोबर गोळी घेऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. मागून एक आत्याबाई म्हणाल्या, "च्या बंद म्हंताय, मग पोरीनं काय पिऊन दिसभर भांगलायचं?" सगळ्या हसल्या. मला राग आला होता, खरं सांगते.

नंतर एका सुनेच्या मागे तिच्या शेतावर गेले तेव्हा कळलं. सकाळी सातला कांद्यात, दहाला चहा, दुपारी भाकरी, तीनला पुन्हा चहा. दिवसाकाठी बसायला मिळायचं ते चहाच्या निमित्तानंच. मी तीच बसायची वेळ काढून घ्यायला निघाले होते. गोळी रात्री जेवल्यावर घेतली तर चहाशी गाठ पडत नाही, मळमळ झाली तरी झोपेत निघून जाते, आणि कॅल्शियमची गोळी सकाळी-दुपारी घेतली की दोघींची भांडणंही होत नाहीत. यात शोध काहीच नाही. पण हे सांगायला मला आधी दिवसभर बांधावर बसावं लागलं.

गोळी बंद व्हायचं आणखी एक कारण कुणी बैठकीत बोलत नाही. शौचाला काळं होतं. बाई घाबरते, सासू घाबरते, गोळ्या चुलीमागं जातात. "काळं होईल, होऊ दे, गोळी पोटात गेल्याची खूण आहे ती," एवढं वाक्य आधीच सांगितलं की निम्मा घोर जातो. ते वाक्य आम्ही छापलेल्या पत्रकात नव्हतं. पत्रकात फळांची टोपली होती, द्राक्षं नि सफरचंदासकट.

पत्रकावरून आठवलं, फ्लेक्स. आमच्या वरच्यांना दोन गोष्टी लागतात: हजेरीचा कागद आणि फ्लेक्ससमोरचा फोटो. किती बायकांनी गोळी खरोखर गिळली यासाठी त्या नमुन्यात रकानाच नव्हता. माता आणि बालकांच्या आरोग्याचे फ्लेक्स मी कडब्याच्या गंजीवर बघितलेत. पावसात चांगले टिकतात.

मिश्रीचं मात्र मला अजून जमलेलं नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. सकाळी उठल्या उठल्या बोटानं हिरड्यांवर, मग दिवसातून चार वेळा, पाच वेळा. आमच्या भागात कित्येक घरांत सासूची डबी असते आणि सुनेची वेगळी. मी तोंडाच्या कॅन्सरचे फोटो घेऊन गेले होते. बाया तोंडाला पदर लावून बघत बसल्या. शेवटी एकजण म्हणाली, "ही गुटखा खाणारी माणसं हायत बाई. आम्ही दात घासतो." गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तो वाईट हे पोरंसोरंही सांगतात. मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. ती दातवणात मोडते, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही, आणि भूकही मरते, हे शेवटचं जरा हळू आवाजात. तंबाखू पोटातल्या बाळापर्यंत पोचते, बाळ वजनाला कमी भरतं, हे मी सांगते. पण सोडल्यावर पहिले आठ-दहा दिवस डोकं भणभणणार, पोट गच्च होणार, हेही सांगते. आधी ते सांगत नव्हते, आणि चौथ्या दिवशी सगळ्या परत डबीकडे जायच्या.

बीपीच्या गोळीचा खुलासा तर माझा नाहीच. गोळी चालू केली, महिन्याभरानं मोजलं, १४० आणि ९० च्या आत आलं, की गडी गोळी बंद करतो: "आता नॉर्मल हाय." मी वर्षभर शिरा, दाब, हृदय असलं समजावत होते. एकदा पारावर एक म्हातारबाबा त्यांच्या भावकीतल्याला म्हणाले, "बैल नीट चाललाय म्हणून तू कासरा सोडतूस व्हय रं?" मी ते तिथंच उचललं आणि तेव्हापासून प्रत्येक गावात वापरते.

नुसत्या बोलण्यानं काय होतं असं म्हणणाऱ्यांनी आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आठवावी. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं 'नकुसा' नावाच्या मुली शोधून त्यांची नावं बदलली. पावणेतीनशेवर मुली होत्या. पोरगी नको होती, झाली, मग नावच ठेवलं नकोशी. औषधपाणी काही नाही, आयुष्यभर मारायची एक हाक. ती हाक ऐकत वाढलेल्या बाईला तपासणीला चल म्हटलं की ती म्हणते, "माझं काय एवढं?"

मघाच्या त्या आत्याबाई, चहावरून मला हसणाऱ्या. गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेले होते. त्यांची धाकटी सून आता गरोदर आहे. मला बघताच आत्याबाईंनी मिश्रीची डबी पदराखाली सरकवली. मी बघितलं नाहीसं केलं. सुनेला विचारलं, गोळ्या घेतेस ना? तिच्याआधी सासूच बोलली, "रातच्याला देती मी. जेवली की. हातावर ठेवती अन् गिळूस्तोवर हलत न्हाई." मग आत वळून ओरडल्या, "आगं, बाईस्नी च्या ठेव."