गिधाडाच्या पोटातला पांढरा लेप

दक्षिण रायगडातील एका पशुवैद्यकीय दवाखान्यात मी रुजू झालो, तेव्हा औषधांच्या कपाटात डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक नव्हते. दोन-तीन वर्षांत ते आले आणि आमच्या कामाचा भाग होऊन गेले. लावणीच्या दिवसांत तिव्याची, म्हणजे जनावरांच्या तीन दिवसांच्या तापाची, साथ येते. धडधाकट बैल एका रात्रीत आखडतो, पाय टाकत नाही, बसला की उठत नाही, आणि चिखलणी अडून राहिलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने एकेक दिवस मोलाचा असतो. अशा बैलाला मांसात पंधरा मिलिलिटर डायक्लोफिनॅक दिले की ताप उतरायचा, सांध्यांची वेदना कमी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या दारातूनच हाक यायची, "डॉक्टर, बैल उठला, पेंढा ओढतोय." त्या हाकेसारखे समाधान या व्यवसायात दुसरे नाही. औषध स्वस्त होते, परिणामकारक होते आणि जनावराला त्याचा अपाय झालेला मी पाहिला नव्हता. मी ते मनापासून आणि भरपूर वापरले.

१९९९ च्या हिवाळ्यात एका वाडीतील मुलांनी मला बोलावून नेले. जुन्या रायवळ आंब्याखाली पांढऱ्या पाठीचे एक गिधाड मरून पडले होते. मुले सांगत होती, की ते चार-पाच दिवस फांदीवर मान खाली टाकून बसले होते, मध्येच दचकून मान वर करायचे आणि पुन्हा ती लोंबू द्यायचे. जखम कुठेही नव्हती आणि पंखही शाबूत होते. मी ते तिथेच उघडले. यकृतावर, हृदयाच्या आवरणावर, आतड्यांच्या पडद्यांवर खडूची पूड पाण्यात कालवून फासावी तसा पांढरा लेप होता आणि मूत्रपिंडे सुजून फिकट पडली होती. पक्ष्यांचे मूत्रपिंड निकामी झाले की रक्तातील यूरिक आम्ल बाहेर पडू शकत नाही आणि त्याचे स्फटिक अवयवांवर साचतात, हे शिकलेले होते. कोंबड्यांमध्ये ते पाहिलेही होते. 'मूत्रपिंडाचा विकार, कारण अज्ञात' अशी नोंद मी केली आणि खड्डा खणून पक्षी पुरला. ते कारण माझ्याच बॅगेत, बाटलीत होते, हे मला पाच वर्षांनी कळले.

त्या काळात गिधाडे नाहीशी होत आहेत, हे पक्षिनिरीक्षकांच्या ध्यानात आले होते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानातील घरट्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या आणि १९९९ मध्ये त्यांनी ही घट प्रसिद्ध केली. एखाद्या जागी पक्षी कमी झाले असते, तर झाडे तोडली गेली किंवा खाद्य संपले असे म्हणता आले असते. पण संबंध उपखंडभर, खाद्याची कमतरता नसताना, जिथे-तिथे हे पक्षी मान टाकून मरत होते. पुढे देशभरातील रस्त्यांवरून केलेल्या गणनांतून असे दिसले, की १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली, तर लांब चोचीची आणि निमुळत्या चोचीची गिधाडे मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाली. पहिला संशय विषाणूवर होता आणि तो अवाजवी नव्हता, कारण एवढ्या वेगाने, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात पसरणारी गोष्ट संसर्गजन्यच असणार असे कोणालाही वाटले असते.

उत्तर पाकिस्तानातील पंजाबात सापडले, आणि ते ज्या रीतीने सापडले ती रीत मी आजही नव्या पशुवैद्यांना आवर्जून सांगतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्यक लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी, शिकारी पक्ष्यांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या पेरिग्रिन फंड या संस्थेच्या व पाकिस्तानातील पक्षिशास्त्रज्ञांच्या साहाय्याने, तिथल्या वसाहतींमधील मृत गिधाडांची तपासणी करत होते. मेलेल्या बहुसंख्य पक्ष्यांत तोच पांढरा लेप होता. त्यांनी विषाणू शोधले, जिवाणू शोधले, कीटकनाशके आणि जड धातू तपासले. काहीच हाती लागले नाही. तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेतील यंत्रे बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला: हे पक्षी खातात काय? ते पाळीव जनावरांची मढी खातात. मग त्या जनावरांना मरण्यापूर्वी काय दिले जाते? हा प्रश्न घेऊन ते पशुवैद्यांकडे आणि औषधांच्या दुकानांत गेले. मूत्रपिंडाला अपायकारक, तोंडावाटे पोटात गेले तरी शोषले जाणारे आणि अलीकडेच सर्रास वापरात आलेले, असे औषध त्यांना हवे होते. या तिन्ही कसोट्यांना उतरणारे एकच नाव समोर आले. त्यानंतर साठवून ठेवलेल्या मूत्रपिंडांची तपासणी झाली. पांढरा लेप असलेल्या २५ पैकी २५ गिधाडांत डायक्लोफिनॅकचे अंश सापडले. अन्य कारणांनी मेलेल्या १३ पैकी एकातही सापडले नाहीत. डायक्लोफिनॅक दिलेल्या म्हशी-शेळ्यांचे मांस, पुन्हा निसर्गात सोडण्याजोग्या नसलेल्या गिधाडांना खाऊ घातल्यावर तीच लक्षणे, तेच मरण आणि तोच लेप दिसला. २००४ च्या आरंभी 'नेचर' या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

तो वृत्तांत मी वाचला तेव्हा १९९९ ची नोंदवही काढून पाहिली. 'कारण अज्ञात' ही माझीच अक्षरे होती. त्या हिवाळ्यात त्या वाडीच्या आसपास माझ्या हातून किती बैलांना ते इंजेक्शन गेले होते, याचा हिशेबही त्याच वहीत होता.

इथे एक शंका येते आणि ती मलाही आली होती. उपचार झालेली बहुतेक जनावरे बरी होतात. उपचारानंतर दोन-तीन दिवसांतच जी मरतात, त्यांच्याच मांसात घातक प्रमाणात अंश राहतात. मग इतक्या थोड्या मढ्यांमुळे कोट्यवधी पक्षी कसे संपतील? याचे गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ ऱ्हीस ग्रीन यांनी २००४ मध्येच मांडून दाखवले: शंभरात एकापेक्षाही कमी मढी विषारी असली, तरी दिसलेली घट घडून येते. कारण गिधाड एकटे जेवत नाही. एका बैलावर पन्नास-शंभर पक्षी उतरतात, आणि ते आयुष्यभर दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या मढ्यावर उतरतच असतात. शिवाय गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला प्रजननक्षम व्हायला पाचेक वर्षे लागतात. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जातीला थोडीशी जादा मर हीदेखील पेलवत नाही. भारतात प्रत्यक्ष मढ्यांचे नमुने तपासले, तेव्हा सुमारे दहा टक्के नमुन्यांत डायक्लोफिनॅक आढळले.

बंदी घालावी हे ठरवणे त्या मानाने सोपे होते. बैलाच्या वेदनेचे काय, हा खरा प्रश्न होता. कोणी शेतकऱ्याला "गिधाडासाठी तुझ्या बैलाला कळा सोसू दे" असे सांगू शकत नाही आणि सांगूही नये. म्हणून पर्याय शोधण्याचे काम मला मूळ शोधाइतकेच महत्त्वाचे वाटते. दक्षिण आफ्रिकेतील आणि भारतातील संशोधकांनी मेलॉक्सिकॅम हे दुसरे वेदनाशामक आधी आफ्रिकेतल्या गिधाडांवर, मग अत्यंत सावधगिरीने आपल्याकडील संकटग्रस्त जातींवर तपासले आणि ते सुरक्षित असल्याचे २००६ मध्ये दाखवून दिले. त्याच वर्षी भारत, पाकिस्तान आणि नेपाळ यांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आणली. मेलॉक्सिकॅम सुरुवातीला महाग होते. अनेक कंपन्या ते बनवू लागल्यावर किंमत उतरली. तिव्यासाठी मी ते निवृत्तीपर्यंत वापरले आणि बैल उठल्याच्या हाका त्यानंतरही येत राहिल्या.

तरीही बाटली कपाटातून गेली नाही. माणसांसाठीचे डायक्लोफिनॅक तीस मिलिलिटरच्या बाटल्यांत मिळत होते. माणसाला एका वेळी तीन मिलिलिटर पुरतात. मग तीस मिलिलिटरची बाटली कोणासाठी बनत होती, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. संशोधकांनी शेतकरी म्हणून दुकानांत जाऊन गाईसाठी वेदनाशामक मागितले, तेव्हा बंदीनंतरही एक तृतीयांशाहून अधिक दुकानांत डायक्लोफिनॅक आढळले. प्रयोगशाळेतील शोध आणि दुकानाचा कट्टा यांत किती अंतर असते, हे मोजणारे असे साधे काम विज्ञानाच्या उतरंडीत खालचे समजले जाते; माझ्या मते ते वरचे आहे, कारण त्याच्याच आधारावर २०१५ मध्ये माणसांसाठीची इंजेक्शनेदेखील तीन मिलिलिटरच्या एकेरी मात्रेतच विकण्याचा नियम झाला. बैलाला पंधरा मिलिलिटर द्यायचे तर पाच कुप्या फोडाव्या लागतात, आणि हा नुसता त्रासच पुष्कळ काम करून जातो.

एवढ्यात जनावरांची इतर वेदनाशामके पुढे आली होती. केटोप्रोफेन गिधाडांना मारते हे २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले होते. एसिक्लोफिनॅक तर गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकमध्येच रूपांतरित होते. म्हणजे बंदी असलेले औषध दुसऱ्या नावाने गोठ्यात येत होते. या दोन्हींवर आपल्याकडे बंदी आली ती २०२३ च्या जुलैमध्ये. पुरावा हाती असताना गेलेली ही वर्षे मला सर्वांत अधिक बोचतात. आपली पद्धत अशी आहे, की औषध आधी बाजारात येते, पक्षी मरतात, कोणीतरी स्वतःच्या चिकाटीने पुरावा गोळा करते आणि मग बंदीचा कागद निघतो. हा क्रम उलटा हवा. ज्या देशात मेलेले जनावर उघड्यावर पडते आणि पक्षी ते खातात, त्या देशात जनावरांच्या प्रत्येक नव्या वेदनाशामकाची गिधाडांवरील सुरक्षितता परवान्यापूर्वी सिद्ध झाली पाहिजे आणि त्या चाचणीचा खर्च कंपनीने सोसला पाहिजे.

हा पक्षिप्रेमाचा विषय आहे, असे समजून जे वाचक इथवर थांबले असतील, त्यांच्यासाठी पुढचा भाग मुद्दाम लिहितो. गिधाडे होती तेव्हा गावाबाहेर टाकलेल्या बैलाची तासाभरात हाडे उरत. ती गेल्यावर मढी कुजू लागली, ओढ्या-नद्यांच्या काठी पडून राहिली आणि भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. हाडे गोळा करून पोट भरणाऱ्या माणसांना स्वच्छ हाडे मिळेनाशी झाली, याची दखल फारच थोड्यांनी घेतली. मुंबईत मलबार हिलवरील दोखम्यांत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या बुरुजांत, पारशी समाजाचा शतकानुशतकांचा अंत्यविधी अडचणीत आला आणि सूर्यकिरण एकवटणाऱ्या यंत्रांचा आधार घ्यावा लागला. आयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे गिधाडांचा अधिवास होता ते जिल्हे आणि जिथे तो नव्हता ते जिल्हे यांतील माणसांच्या मृत्युदराची तुलना केली. स्वस्त डायक्लोफिनॅक बाजारात आल्यानंतर पहिल्या गटातील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. २००० ते २००५ या काळात त्यामुळे वर्षाला सरासरी एक लाख जादा मृत्यू झाले, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. त्याच जिल्ह्यांत रेबीजच्या लशींची विक्री वाढली होती आणि पाण्यात विष्ठेतील जिवाणूंचे प्रमाणही वाढले होते.

कुत्रे चावलेल्या मुलांना घेऊन तालुक्याच्या रुग्णालयाकडे धावणारी माणसे मी त्या वर्षांत पाहिली आहेत. शेजारच्याच इमारतीत मी बैलांना इंजेक्शने देत होतो. पशुसंवर्धन, वन आणि आरोग्य ही तीन खाती, तीन अहवाल आणि तीन बैठका. एकाच बाटलीपासून निघालेली साखळी तिघांच्या मधून निसटून गेली. यात कोणा एकाचा दोष नव्हता, मात्र ती साखळी शोधायला पक्ष्यांचा अभ्यासक, पशुवैद्य आणि दुकानाच्या कट्ट्यापलीकडील माणूस यांना एकमेकांशी बोलावे लागले.

हरियाणातील पिंजोरच्या गिधाड प्रजनन केंद्रात वाढवलेली काही गिधाडे २०२४ च्या जानेवारीत पेंच आणि ताडोब्यात आणली गेली. माझ्या ओळखीच्या परिसरात, म्हसळ्याजवळील चिरगावात, स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी गिधाडांची झाडे राखली आहेत, आणि सुरक्षित मढी मिळावीत यासाठी आसपासच्या गावांतून मेलेल्या जनावरांची खबर घेतली जाते. निवृत्तीनंतर असा एखादा फोन मलाही येतो. गेल्या भाद्रपदात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा बैल गेला. टेंपो दारात उभा होता आणि लोक दोर बांधायच्या तयारीत होते. मी विचारले, "बाबा, शेवटच्या आठवड्यात याला सुई कोणती दिली होती?" ते आत गेले, कोनाड्यातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या पदरात बांधाव्यात तशा पंच्यात गुंडाळून घेऊन आले आणि माझ्यापुढे ओट्यावर एकेक करून मांडू लागले. तिसऱ्या बाटलीवरचे नाव वाचून मी टेंपोवाल्याला थांबायला सांगितले. तो बैल आम्ही तिथेच, त्यांच्या वरकस जमिनीत, खोल खड्डा घेऊन पुरला.