मनातला पहारा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. धर्मग्रंथांच्या इतिहासाविषयी मी कुठेही बोलले की एक प्रश्न हटकून येतो : स्त्रीच्या कामभावनेविषयी समाजाला वाटणारा संशय धर्मानेच निर्माण केला ना? विचारणाऱ्यांपैकी काहींना ‘हो’ ऐकायचे असते, काहींना ‘नाही’. माझ्या उत्तराने दोघांचेही समाधान होत नाही.

संशयाचे मूळ मला वारसाच्या चिंतेत दिसते. इसवी सनापूर्वी 18 व्या शतकातील बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत असे कलम आहे की, विवाहित स्त्री परपुरुषाबरोबर सापडली तर दोघांना बांधून पाण्यात टाकावे. मात्र पतीला पत्नीचा जीव वाचवायचा असेल, तर राजाही त्या पुरुषाला जीवदान देऊ शकतो. (संहितेच्या प्रस्तावनेत देव आहेतच, पण या कलमातला हिशेब माणसांचा आहे.) गुन्हा पतीच्या हक्काविरुद्ध घडलेला असल्यामुळे क्षमेचा अधिकारही त्याचाच. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकात त्याच कृत्याला दोघांनाही मृत्युदंड सांगितला आहे, पण पतीच्या क्षमेचा तेथे उल्लेख नाही, कारण आता अपराध देवाच्या आज्ञेविरुद्ध आहे. धर्माने जे बदलले ते मला येथे दिसते : जे देणे नवऱ्याचे होते ते देवाचे झाले, आणि देवाचे देणे नवऱ्याला माफ करता येत नाही.

याची पुढची पायरी अधिक गुंतागुंतीची आहे. इसवी सन 410 मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा बलात्कार झालेल्या ख्रिस्ती स्त्रियांची बाजू ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मचिंतकाने घेतली. शील हा मनाचा गुण आहे, त्यामुळे मनाची संमती नसेल तर दुसऱ्याच्या वासनेने ते भ्रष्ट होत नाही, असे त्याने निःसंदिग्धपणे लिहिले. त्या काळात हे म्हणणे केवढे मोठे होते! परंतु याच विवेचनात तो बलात्कारानंतर आत्महत्या करणाऱ्या प्राचीन रोममधील ल्युक्रेशियाकडे वळतो आणि विचारतो, ती निर्दोष होती तर तिने स्वतःला का मारले? तिच्या मनाने कुठे गुप्त होकार तर दिला नव्हता? ज्या युक्तिवादाने स्त्रीला शरीराच्या कलंकातून सोडवले, त्यानेच तिचे मन चौकशीसाठी उघडले. हा उतारा मी अनेकदा वाचला आहे, आणि प्रत्येक वेळी आधी कृतज्ञता वाटते, मग राग येतो.

स्त्रीची कामेच्छा नेमकी कशी असते, याविषयी तर परंपरेचे स्वतःशीच एकमत नाही. मनुस्मृतीचा नववा अध्याय स्त्रिया स्वभावतःच पुरुषलोलुप असल्याचे सांगतो; 1486 च्या सुमारास एका धर्मगुरूने लिहिलेल्या ‘मॅलियस मॅलेफिकारम’ या ग्रंथात सारी चेटूकविद्या स्त्रीच्या न शमणाऱ्या वासनेतून येते, असे म्हटले आहे. 19 व्या शतकात मात्र विल्यम ॲक्टन हा इंग्रज डॉक्टर सांगू लागला की बहुसंख्य स्त्रियांना कामभावनेचा फारसा त्रासच नसतो. आधी ती वखवखलेली होती म्हणून राखायची, आता ती निरिच्छ आहे म्हणून राखायची. निदान उलटे झाले तरी औषध बदलले नाही. हा दुसरा पवित्रा धर्मगुरूचा नव्हे, वैद्यकाचा होता, हेही धर्माला एकट्याला दोषी धरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

याच धर्मग्रंथांत स्त्रीच्या सुखाला हक्क मानणारी वचनेही आहेत. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संहितेत तर पतीने पत्नीला किती वेळा शरीरसुख द्यावे, याची व्यवसायानुसार यादीच आहे : मजुराने आठवड्यातून दोनदा, गाढवे हाकणाऱ्याने एकदा, उंटवाल्याने तीस दिवसांतून एकदा, खलाशाने सहा महिन्यांतून एकदा. पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले होते. नंतर लक्षात आले की येथे इच्छा स्त्रीची आहे आणि कर्तव्य पुरुषाचे. बाराव्या शतकाच्या आरंभी वारलेल्या अल-गझाली या इस्लामी धर्मपंडितानेही पत्नीची तृप्ती होईपर्यंत पतीने घाई करू नये, असे बजावले आहे. ज्यांच्या तोंडी स्त्रीवरील निषेध पाठ असतात, त्यांना ही कर्तव्ये क्वचितच आठवतात. ग्रंथ सगळ्यांसाठी असतो, पण त्यातले काय घोकून घ्यायचे ते घोकून घेणारा ठरवतो.

मनुस्मृतीच्या त्याच नवव्या अध्यायात एक श्लोक आहे : विश्वासू पुरुषांनी घरात कोंडून ठेवलेल्या स्त्रिया सुरक्षित नसतात, ज्या स्वतःच स्वतःचे रक्षण करतात त्याच सुरक्षित. काही जण त्यात स्त्रीची स्वायत्तता वाचतात. मला ती पहारेकऱ्याची बदली वाटते. प्रश्नोत्तरे संपल्यावर कोणी बाई हळूच जवळ येते आणि सांगते की देवावरचा विश्वास उडून वीस वर्षे झाली, व्रते सुटली, प्रार्थना सुटली. पण नवऱ्याजवळ स्वतःहून जाताना अजूनही कोणी बघत असल्यासारखे वाटते. कोण बघते, असे मी विचारले तर तिला सांगता येत नाही.