जवारी लागेपर्यंत

नव्या कामाच्या पहिल्याच सकाळी सहकाऱ्याने स्टार्टर रेपोची, म्हणजे ज्यावरून काम सुरू करायचे त्या तयार कोडच्या साठ्याची, लिंक पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, ‘रीडमीत सगळं आहे, दहा मिनिटांत चालू होईल.’ सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरात तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि ब्राउझरमध्ये पान प्रत्यक्ष उमटले तेव्हा आईने देवापाशी सांजवात लावली होती. कंपनीचा लॅपटॉप अजून वाटेत असल्यामुळे हे सारे मी कॉलेजपासूनच्या माझ्या जुन्या लॅपटॉपवर करत होतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

रीडमीत, म्हणजे रेपोसोबतच्या सूचनांच्या फायलीत, आज्ञा पाचच होत्या. त्यातल्या गिट क्लोनने, म्हणजे रेपोची प्रत आपल्या यंत्रावर उतरवणाऱ्या आज्ञेने, मला आजवर कधी दगा दिलेला नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट हे कोडमधले बदल नोंदवणारे साधन लिहिले ते असे, की क्लोन करणाऱ्याच्या हाती आजच्या फायलींबरोबर प्रकल्पाचा पहिल्या नोंदीपासूनचा इतिहासही पडतो. त्यामुळे या रेपोत पूर्वी कोणीतरी रात्री दोन वाजता ‘आता तरी चालू दे’ एवढाच संदेश लिहून आपले बदल कमिट केले, म्हणजे नोंदवले, होते, हे मला आयतेच कळले. इतरांनी लिहिलेले कोडचे तुकडे, म्हणजे पॅकेजे, आणून देणाऱ्या एनपीएम इन्स्टॉलचा प्रकार मात्र ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहिलेल्या लग्नपत्रिकेसारखा असतो. नावे पंचवीस-तीसच लिहिलेली असतात, पण प्रत्येक जण आपले सोयरे घेऊन येतो आणि नोड मॉड्यूल्सच्या फोल्डरात शेकड्यांनी पॅकेजे मुक्कामाला उतरतात. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतले, तेव्हा जगभरातले बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम तयार करण्याचे काम, अडले होते. त्या सोयऱ्यांपैकी कोण कधी रुसेल, ते यजमानालाही ठाऊक नसते. माझ्याकडे रुसली ती नोडची, म्हणजे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची, जुनी आवृत्ती. ती बदलली आणि गाडी पुढे सरकली.

खरी कोंडी पुढे झाली. पासवर्ड रेपोत ठेवू नयेत म्हणून तिथे फक्त नमुन्याची एन्व्ह फाइल, म्हणजे सेटिंग्ज लिहायची फाइल, असते. तिची प्रत करून ती मी भरली, डॉकरने, म्हणजे प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या साधनाने, पोस्टग्रेस हा डेटाबेस सुरू केला, आणि अॅप चालवताच डेटाबेसने उत्तर दिले की पासवर्ड चुकीचा आहे. मी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले. कंटेनर पाडून पुन्हा उभा केला, त्याचा साठवलेला डेटाही पुसला. उत्तर तेच. आई दाराशी येऊन म्हणाली, “जेवून तरी घे रे, तो पासवर्ड काही पळून जात नाही.”

जेवताना मला मामांचा तंबोरा आठवला. मिरजेच्या कारागिराकडे आम्ही तो ऐकला तेव्हा त्याची आस, म्हणजे तार छेडल्यावर रेंगाळणारा नाद, खोलीभर पसरली होती, आणि तोच तंबोरा सांगलीच्या घरी आणून लावला तर नुसती तार वाजू लागली. वाहून नेण्यासाठी तारा सैल केल्या होत्या आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सरकवलेले दोरे जागचे हलले होते. त्या कारागिराने घरी येऊन दोरा केसभर मागे, केसभर पुढे करत जवारी, म्हणजे तारेला ती आस देणारी बैठक, लावून दिली. भोपळा, दांडी, तारा यांत काहीच बदललेले नव्हते. स्टार्टर रेपोही असाच कोणाच्या तरी घरी उत्तम वाजलेला असतो. रीडमी लिहिणाऱ्याने काही लपवलेले नसते. त्याच्या यंत्रावर ज्या गोष्टी आधीपासून जागच्या जागी होत्या, त्या लिहायच्या असतात हेच त्याला सुचत नाही.

जेवणानंतर वैतागून मी डॉकर पूर्ण बंद केला आणि चुकून अॅप पुन्हा चालवले. तरीही उत्तर आले, पासवर्ड चुकीचा आहे. कुलूप लावलेल्या घरातून कोणी ‘कोण आहे?’ म्हणून विचारावे, तसे झाले. मग ५४३२ या पोर्टवर, म्हणजे डेटाबेस ज्या दारातून बोलतो त्यावर, कोण बसले आहे ते नेटस्टॅट या आज्ञेने पाहिले, तर तिथे दुसराच पोस्टग्रेस होता. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तो कधीकाळी टाकला होता आणि विंडोज सुरू झाले की तोही गुपचूप सुरू होत होता. मी दिवसभर नव्या घराची किल्ली जुन्या घराच्या कुलपाला लावत होतो. डॉकरच्या कंपोज फाइलमध्ये ५४३२:५४३२ होते, त्यातला डावीकडचा, म्हणजे बाहेरच्या दाराचा आकडा मी ५४३३ केला, एन्व्हमध्येही तोच लिहिला, आणि लोकलहोस्ट ३००० या माझ्याच यंत्रावरच्या पत्त्यावर एक रिकामी यादी आणि एक निळे बटण अवतरले.

जुना पोस्टग्रेस काढून टाकणार होतो. त्याआधी एकदा आत डोकावावे म्हणून लॉगिन केले, तर बोटांनी जुना पासवर्ड आपणहून टाइप केला आणि तो पहिल्याच खेपेला लागला. आत ‘सौदे’ नावाचे एकच टेबल होते. तारीख, हळदीची जात, पोती, क्विंटलचा भाव. मार्केट यार्डात बाबांच्या ओळखीच्या अडत्याशेजारी बसून वहीत उतरवून घेतलेल्या राजापुरी हळदीच्या चाळीसेक नोंदी, आणि सगळ्यात शेवटी ‘चाचणी, चाचणी, ०’.

रीडमीत मी एक ओळ वाढवली, ‘यंत्रावर आधीच पोस्टग्रेस असेल तर पोर्ट ५४३३ करावे’, आणि ती सहकाऱ्याकडे तपासायला पाठवली. माझ्या लॅपटॉपवर ५४३२ जुन्याकडेच आहे.