एम.एस्सी. केमिस्ट्री ते फार्मा कंपनीतली क्यूसी लॅब: माझा अनुभव

लातूरला एम.एस्सी. ऑरगॅनिक केमिस्ट्री केलं. आमच्याकडे कॅम्पसला कंपन्या फारशा येत नाहीत, त्यामुळे रिझल्ट लागला की अर्धी पोरं बी.एड. नाहीतर स्पर्धा परीक्षेकडे वळतात आणि बाकीची बॅग भरून वाळूज, कुरकुंभ, तारापूरच्या एमआयडीसीत, नाहीतर थेट गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत. मी बॅग भरणाऱ्यांतली. आज फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला (क्यूसी, म्हणजे औषधांची तपासणी करणारी लॅब) केमिस्ट आहे आणि ज्युनिअर पोरापोरींचे सारखे मेसेज येतात की ताई तुम्ही कसं केलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

सुरुवात सगळे करतात तशीच, नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल, टेलिग्रामवर वॉक-इनची (थेट जाऊन द्यायच्या इंटरव्ह्यूची) पोस्टरं बघायची, रविवारी पहाटे निघायचं. वॉक-इनला मार्कशीटच्या झेरॉक्स, फोटो, आधार आणि सीव्हीच्या चार-पाच प्रती घेऊन जा, कारण गेटवर एक, एचआरकडे एक असं करत संपतात. पोस्टरवर "अनुभव १ ते ४ वर्षे" लिहिलेलं असेल तर फ्रेशरचा सीव्ही बऱ्याचदा नुसता घेऊन ठेवतात, तेव्हा भाडं खर्च करण्याआधी ती ओळ नक्की वाचा. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे फार जिव्हारी लागतं, घरी फोन करायची सुद्धा इच्छा होत नाही.

रस्ता सापडला तो सीनिअर्समुळे. आमच्या सरांकडे माजी विद्यार्थ्यांची यादी होती, नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं ती ठेवतात, आणि लिंक्डइनवर विद्यापीठाच्या पेजला अलम्नाय म्हणून एक टॅब असतो त्यात कोण कुठल्या शहरात, कुठल्या कंपनीत आहे ते फिल्टर लावून दिसतं. सरांनी आधी स्वतः त्या सीनिअर्सना विचारलं आणि मगच मला नंबर दिले. मग मेसेज केले, साधारण असे: "नमस्कार दादा, मी आपल्याच डिपार्टमेंटची, यंदा पास झाले. तुमच्या लॅबमध्ये फ्रेशरला पहिले सहा महिने काय काम देतात हे समजून घ्यायचं होतं. तुमची शिफ्ट बघून दहा मिनिटं फोन केला तर चालेल का?"

यात "जॉब असेल तर सांगा" हे मुद्दाम नाही टाकलं. तसा मेसेज आला की समोरच्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात काहीच नसतं, पण आपल्या कामाबद्दल कुणी आस्थेने विचारलं की माणूस बोलतो, खरंच भरभरून बोलतो. आणि रिप्लाय उशिरा आला म्हणून नाराज होऊ नका, बऱ्याच प्लांटमध्ये मोबाईल गेटवरच जमा करावा लागतो, नाईट करून आलेला माणूस दुपारपर्यंत झोपलेला असतो.

त्या फोनवर जे कळलं ते कुठल्या यूट्यूब व्हिडिओत मिळालं नसतं. बल्क ड्रगच्या (औषधाचा मूळ रासायनिक घटक बनवणाऱ्या) प्लांटमध्ये म्हणजे कुरकुंभ, महाड, लोटे परशुराम या भागात ऑरगॅनिकवाल्यांना प्रॉडक्शनला पण घेतात, आणि वाळूज किंवा वेर्ण्याला जिथे गोळ्या-कॅप्सूल बनतात तिथे क्यूसीत डिसोल्यूशन (गोळीतलं औषध किती वेळात विरघळतं ते बघणं), एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) असं काम. एका ताईने माझा सीव्ही उघडून सांगितलं की सिंथेसिसच्या प्रोजेक्टवर अर्धं पान आहे ते दोन ओळीत आण, आणि टायट्रेशन, यूव्ही, पीएच मीटरचं ४, ७ आणि ९.२ च्या बफरने कॅलिब्रेशन हे जे हाताने केलंयस ते वर घे. एचपीएलसी आम्हाला फक्त डेमोत दाखवलं होतं, तर तिने "डेमो पाहिला आहे" असंच लिहायला लावलं. इंटरव्ह्यूत पुढचाच प्रश्न टेलिंग फॅक्टर (आलेखातल्या शिखराची शेपटी किती लांबलीय त्याचं माप) काय असतो, रिटेन्शन टाईम (घटक यंत्रातून बाहेर पडायला लागणारा वेळ) सरकला तर काय काय तपासशील असा येतो आणि खोटं तिथेच उघडं पडतं. नॉर्मॅलिटी-मोलॅरिटी, बीअर-लॅम्बर्टचा नियम (द्रावण किती प्रकाश शोषतं यावरून त्याची तीव्रता काढायचा) आणि डेटा इंटिग्रिटीचं, म्हणजे नोंदींच्या खरेपणाचं एएलसीओए (ALCOA), म्हणजे नोंद ज्याने काम केलं त्याचीच, वाचता येईल अशी, त्याच वेळी केलेली, मूळ आणि अचूक, एवढं पक्कं करून जा.

प्रत्यक्ष नोकरी मात्र त्या ताईच्या कंपनीत नाही लागली. तिच्या जुन्या रूममेटच्या कंपनीत लागली, जिला मी ओळखतही नव्हते. एप्रिलमधल्या इन्क्रिमेंटनंतर तिथली दोन पोरं सोडून गेली होती, जाहिरात निघायच्या आत माझा सीव्ही रूममेटने एचआरला मेल केला. रेफरन्सने सीव्ही उघडला जातो इतकंच, टेक्निकल राउंड मला सगळ्यांसारखाच द्यावा लागला. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा १९७३ चा निबंध याच विषयावर आहे, जेमतेम ओळखीच्या माणसांकडून नोकरीची खबर मिळते असं तो सांगतो, कारण जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. मला हे शंभर टक्के पटलं, माझ्या रूमवरच्या मैत्रिणींकडे आणि माझ्याकडे तीच चार पोस्टरं फिरत होती.

मधल्या काळात एका कन्सल्टन्सीने "डॉक्युमेंट व्हेरिफिकेशन आणि युनिफॉर्म"चे पैसे मागितले होते. मी दिले नाहीत, तुम्हीही कुणाला एक रुपया देऊ नका. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेलं असतं आणि हे लोक नेमकं तिथेच हात घालतात, मला याचा मनापासून राग येतो. ऑफर मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आलाय का बघा, शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या नंबरला फोन करून खात्री करा.

ऑफर आली की कंपनीच्या पे-रोलवर आहे, थर्ड पार्टीवर (ठेकेदारामार्फत) आहे की अप्रेंटिस म्हणून, हे तोंडी न विचारता मेलवर विचारा. अप्रेंटिस असेल तर वाईट वाटून घेऊ नका, तो करार १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली होतो, स्टायपेंड ठरलेला असतो आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं. फक्त नंतर कायम करणं कंपनीवर बंधनकारक नसतं, तेवढं धरून चाला.

जॉइन झाल्यावर ज्यांच्या ज्यांच्याशी बोलले होते त्या सगळ्यांना फोन करून सांगितलं, ज्यांच्याकडून काहीच जमलं नव्हतं त्यांनाही. त्यातल्याच एका दादाने परवा आमच्याकडच्या जागेसाठी त्याच्या ओळखीच्या एका मुलीचा सीव्ही पाठवला आणि मी तो त्याच दिवशी पुढे दिला. तुम्हाला पाठवायचा असेल तर पीडीएफमध्येच पाठवा, फाईलला स्वतःचं नाव द्या, आणि कुठल्या शहरात यायची तयारी आहे ते मेसेजमध्येच लिहा.