निवडुंगासाठी माती तयार करताना

माझ्याकडचा पहिला गोल निवडुंग वरून हिरवागार दिसत होता, पण मुळांनी तो केव्हाच मेला होता. बोट टेकवताच तो एका बाजूला कलला आणि उचलायला गेलो तर कुंडीतून अलगद सुटून हातात आला. बुडाशी तपकिरी, मऊ पडलेला भाग होता. मुळे चिमटीत धरून ओढली की त्यांची साल निघून येई आणि आत दोऱ्यासारखा एक तंतू तेवढा उरे. वरची माती भुरभुरीत कोरडी होती, म्हणूनच तर मी त्याच आठवड्यात त्याला पाणी घातले होते. कुंडी उलटी केल्यावर मात्र तळाची दोन बोटे माती काळपट, गारढोण आणि आंबूस वासाची निघाली. पाणी जास्त झाले, असे तेव्हा प्रत्येकाने सांगितले. आज मला वाटते की मूळ चूक मातीची होती. त्या मातीत पाणी किती घालावे याचे बरोबर उत्तरच नव्हते, कारण वरचा थर वाळला तरी तळ ओलाच राहत होता.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मुळांच्या पेशी श्वसन करतात आणि त्यासाठीचा प्राणवायू त्यांना मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूची वाट जवळजवळ बंद होते, कारण तो हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश पाण्यातून पसरतो. बऱ्याच वनस्पती अशी स्थिती काही दिवस सहन करतात. वाळवंटी निवडुंगाची मुळे मात्र मुळात उथळ, दूरवर पसरणारी आणि थोडा वेळ ओल, मग दीर्घकाळ कोरड या क्रमाला सरावलेली असतात. जमीन भिजली की बारीक मुळे झपाट्याने फुटतात आणि कोरड पडली की ती गळून जातात. अशा झाडाला दहा-दहा दिवस ओल्या मातीत ठेवले की गुदमरलेली मुळे मरतात आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

कुंडीतले पाणी जमिनीतल्या पाण्यासारखे वागत नाही. हे पटवून घ्यायचे असेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरावा आणि ठिबकणे थांबेपर्यंत वाट पाहावी. मग तोच स्पंज उभा करावा; पुन्हा पाणी ठिबकू लागते. स्पंजाच्या खालच्या कडेला पाणी धरून ठेवणारा जो पट्टा असतो तोच कुंडीच्या तळाशीही असतो आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे, तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. कण जितके बारीक, तितका हा पट्टा उंच. म्हणून उथळ कुंडीत बारीक माती भरली तर निम्मी कुंडी चिखलात असते. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडीचा किंवा खापरांचा थर देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि मीही ती कित्येक वर्षे श्रद्धेने पाळली. परंतु बारीक मातीतले पाणी, ती माती पुरती भिजल्याशिवाय, खालच्या भरड थरात उतरत नाही. त्यामुळे ओला पट्टा नाहीसा न होता तेवढाच वर सरकतो, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये यासाठी जाळीचा एक तुकडा पुरतो. भरड माल घालायचाच असेल तर तो वरपासून खालपर्यंत सगळ्या मिश्रणात घालावा.

यातून माझ्यापुरता एक नियम ठरला: मिश्रणात काय आहे यापेक्षा त्याचा कण केवढा आहे, हे आधी पाहायचे. साधारण ३ ते ६ मिलिमीटरचे कण मला सर्वांत चांगले वाटतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारे जवळपास सगळे मी बाजूला काढतो. लोक बागेतल्या मातीत वाळू मिसळतात आणि निचरा सुधारला असे मानतात, तिथेच घोटाळा होतो. बारीक वाळू चिकण मातीत मिसळली की मातीचे कण वाळूच्या कणांमधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर त्या मिश्रणाचे ढेकूळ होते. वाळू वापरायचीच असेल तर ती भरड, धुतलेली आणि नदीची असावी. समुद्राच्या वाळूतले मीठ मुळांना बाधते.

सच्छिद्र माल म्हणून प्युमिस मिळाला तर त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही. हा ज्वालामुखीचा हलका दगड थोडे पाणी आपल्या छिद्रांत साठवतो आणि कणाकणांत हवाही राहू देतो. परलाईट हीसुद्धा ज्वालामुखीची काच. ती साधारण ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की तिच्यातल्या पाण्याची वाफ होऊन ती लाहीसारखी फुलते. ती उपयोगी आहे, पण इतकी हलकी असते की पाणी घालताना तरंगून वर येते, आणि तिची धूळ छातीत जाऊ नये म्हणून ती आधी ओलसर करून, नाकाला फडके बांधून हाताळावी. व्हर्मिक्युलाईट, म्हणजे तापवून फुलवलेले अभ्रकासारखे खनिज, नावाने जवळचे वाटले तरी निवडुंगासाठी घेऊ नये. ते पाणी फार धरते आणि कालांतराने त्याचे पापुद्रे दबून जातात. हे काहीच मिळत नसेल तर पक्क्या भाजलेल्या विटा फोडून, चाळून आणि धुऊन घ्याव्यात. वीट धुताना पहिले पाणी रक्तासारखे लाल निघते, दुसरे गढूळ गुलाबी, आणि पाचव्या-सहाव्या वेळी बादलीचा तळ दिसू लागतो. हे कंटाळवाणे काम मी टाळत नाही, कारण ती लाल धूळ कुंडीत गेली तर तळाशी बसून गाळ होते.

नेहमीच्या निवडुंगांसाठी, म्हणजे मॅमिलेरिया, जिम्नोकॅलिशियम यांसारख्यांसाठी, मी दोन भाग प्युमिस किंवा वीट, एक भाग बारीक खडी आणि एक भाग चाळलेले, पुरते कुजलेले पानांचे खत घेतो. एरिओकार्पस किंवा लोफोफोरासारख्या जाड सोटमुळाच्या, सावकाश वाढणाऱ्या जातींना खताचा भाग दहाव्या हिश्श्याहून अधिक देत नाही. उलट शलुम्बर्गेरा आणि एपिफायलम हे जंगलातल्या झाडांच्या फांद्यांवर, खाचांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढणारे निवडुंग आहेत. त्यांच्या मिश्रणात निम्मा भाग सेंद्रिय लागतो आणि कोरड्या खडीत ते सुकून जातात. लाल-पिवळ्या डोक्याच्या कलमी निवडुंगाची गोष्ट आणखी वेगळी. वरच्या रंगीत गोळ्यात हरितद्रव्य जवळजवळ नसते; तो खालच्या हिरव्या, तिधारी खोडावर जगतो आणि ते खोड बहुधा जंगली वेलीसारख्या निवडुंगाचे असते. त्यामुळे माती डोक्याकडे पाहून न ठरवता खालच्या खोडाकडे पाहून, थोडी अधिक खतयुक्त ठेवावी.

विकत आणलेल्या रोपाबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. बहुतेक रोपे निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) किंवा पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळात) वाढवलेली असतात. मुळांभोवतीचा तो गोळा तसाच ठेवून भोवती उत्तम माती भरली तर मुळांपाशी ओल टिकते, बाहेरचे मिश्रण मात्र वाळते. मी असे एक रोप याच चुकीने गमावले आहे. आता मी तो गोळा कोरडा होऊ देतो, लाकडी काडीने हळूहळू मोकळा करतो, मेलेली मुळे कापतो आणि झाड कोरड्या मिश्रणात लावून सुमारे आठवडाभर पाणी देत नाही, म्हणजे तुटलेल्या मुळांच्या जखमा भरून येतात.

मिश्रण जमले की नाही हे मी वजनावरून ठरवतो. रिकाम्या कुंडीत माती भरून, भरपूर पाणी घालून, ठिबकणे थांबल्यावर ती काट्यावर ठेवतो आणि रोज वजन लिहितो. चार इंची कुंडीचे वजन पाच-सहा दिवसांत घटायचे थांबले तर मिश्रण ठीक. दहा दिवसांनंतरही ते घटतच असेल तर खत कमी करून भरड माल वाढवतो. पाणी घातल्यावर ते वर साचून न राहता काही क्षणांत आत उतरले पाहिजे, हेही त्याच वेळी पाहून घेतो.

दर दोन-तीन वर्षांनी खत कुजून बारीक होते आणि माती बदलावी लागते. अशा वेळी झाड बाहेर काढले की पांढरट मुळे विटेच्या तुकड्यांना घट्ट बिलगलेली दिसतात, काही तर त्यांच्या छिद्रांत शिरलेली असतात. ते तुकडे मी सोडवत नाही. मुळांसकट तसेच नव्या कुंडीत ठेवतो आणि भोवती ताजे मिश्रण भरतो.